टेकडीवरून ऐकू येणारं गाव

१

त्या गावाचा नकाशा मी स्वतः काढलाय, त्यामुळे गाव कसं आहे ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. परातीसारखी खोलगट जागा. तीन बाजूंनी ओढा वळसा घालून जातो, चौथ्या बाजूला बोडकी टेकडी. ओढ्यावर एक पूल आणि पुलावरून आत येणारा एकच रस्ता. विहिरीपाशी त्या रस्त्याच्या दोन गल्ल्या होतात, आणि टेकडीच्या पायथ्याशी त्या पुन्हा एकमेकींना भेटतात. घरं भरपूर. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही सगळी माझ्याहून मोठी.

मी मोजणी खात्यात होतो. एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून ठेवायचं की ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात मिसळून टाकायचं, हे वरच्यांना ठरवायचं होतं. त्यासाठी हद्दीची मोजणी करायची, घरं नकाशावर घ्यायची, आणि त्यांतल्या किती घरांत अजून चूल पेटते ते सांगायचं. आडबाजूचं काम, कुणालाच नको होतं. "तुम्हीच जा," साहेब हसत म्हणाले, "तुम्हाला काय, कुलूप लावलं की निघालात." मीही हसलो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. कुलूप लावलं की निघालो, हे खरंच होतं.

गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली होती. तिच्या एका वर्गात माझी सोय केली. एक खाट, एक खुर्ची, एक कंदील, भिंतीवर पुसट होत गेलेले पाढे. खिडकी टेकडीच्या बाजूला उघडायची. जेवणाचं शेजारच्या मावशींनी अंगावर घेतलं. मावशी म्हणजे सगळ्या गावाच्या मावशी, माझी आईही शोभल्या असत्या, पण दुसरं काही म्हणायला गेलो तर त्या रागवायच्या.

"साहेब, तिखट चालतं ना?"

"चालतं."

"नाही चाललं तरी आता माझा हात बदलायचा नाही. विचारलं आपलं."

दिवसभर मी दुर्बीण तिपाईवर चढवून गल्ल्यांतून फिरायचो. ऑफिसातली नवी यंत्रं मोठ्या कामांना गेली होती, माझ्या वाट्याला जुनी दुर्बीण आली होती, जिच्यातून सगळं उलटं दिसतं. घरं छपरावर उभी, झाडं आभाळात रुजलेली. नवख्याला गरगरतं. मला सवय होती. त्या उलट्या गावात भर दुपारीही काही हलायचं नाही. माझ्या पायांखालची माती तेवढी करकरायची.

२

गावात फोन लागायचा नाही. टेकडीच्या माथ्यावर मात्र लागायचा. म्हणून रोज उन्हं उतरली की मी वर जाऊन मुलीला फोन करायचो.

माथ्यावर गावची म्हातारी मंडळी आधीच येऊन बसलेली असायची. एकमेकांपासून लांब लांब, सगळ्यांची तोंडं गावाकडे. कुणी बोलायचं नाही. मला आधी वाटलं, येत असतील हवा खायला.

"बाबा, जेवण मिळतं ना वेळेवर?" पहिल्याच संध्याकाळी मुलीने विचारलं.

"तुझ्याहून बरं मिळतं."

"राहा मग तिकडेच." ती हसली. "पण बरं झालं हं. मला वाटलं होतं, ओसाड गाव असेल, तुम्ही अगदी एकटे पडाल. चांगलं गजबजलेलं दिसतंय की."

"कशावरून?"

"अहो, ऐकू येतंय ना मला. पोरं किती ओरडतायत! आणि ते कोण बाई कुणाला हाका मारतेय?"

मी फोन कानापासून दूर केला.

तोवर माझं लक्षच गेलं नव्हतं. संध्याकाळी गावाचा आवाज हा यायचाच, तो काय मुद्दाम ऐकायचा असतो? आता ऐकला. पोरांचा कल्ला होता, मध्येच एक रडणं. राहटाची कुरकुर, बादली काठावर आपटल्याचा आवाज, धुण्याची धोपटणी. लांबून कुणीतरी कुणालातरी घरी बोलावत होतं. भरल्या गावाचा दिवेलागणीचा आवाज.

खाली, माझ्या डोळ्यांसमोर, दोन्ही गल्ल्या रिकाम्या होत्या. विहिरीवर कुणी नव्हतं. त्या विहिरीचा राहट मोडून पडलेला मी सकाळीच नकाशावर नोंदवला होता.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "उद्या बोलू."

३

मी मोजणीचा माणूस. मला पहिल्यांदा जमीन सुचते. परातीसारखा खळगा, समोर उघडी टेकडी. आवाज घुमून वर येणार. पण आवाज मुळात निघायला तर हवा. म्हणजे टेकडीच्या पलीकडे वस्ती असणार, तिचा आवाज इकडे आपटून परत येत असणार. असं मनाशी ठरवलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामातून वेळ काढून टेकडी ओलांडली. पलीकडे दगडगोट्यांचा उतार आणि नंतर नजर पोचेल तिथवर पडीक जमीन. एक झोपडंसुद्धा नाही. त्या बाजूला उभं राहिलं तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. माथ्यावर परत आलो, गावाकडे तोंड केलं, आणि कुणाच्या तरी घरात भांडं पडलं.

जेवताना मावशींकडे विषय काढला.

"तुम्ही सगळे रोज वर कशाला जाता?"

मावशी वाढायच्या थांबल्या. "तुम्हाला येतं का ऐकू?"

मी मान हलवली.

"हां." त्या पुन्हा वाढू लागल्या, जणू मला वीज-पाण्याबद्दल काही कळलं असावं. "मी सुनेचं ऐकायला जाते. अजून तशीच तणतणते बघा. भांडी आपटते, मला टोमणे मारते. ऐकलं की बरं वाटतं."

"सून... गेली?"

"जाईल कशाला! देवाने औक्ष द्यावं तिला. शहरात असते माझ्या लेकाबरोबर. महिन्या-दोन महिन्यांनी चिठ्ठीबिठ्ठी नाही हो, फोन येतो तिचा. मी वर जाऊन घेते."

"मग फोनवर ऐकताच की तिला."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "फोनवर फार बारीक बोलते ती आता. पूर्वी तीन घरं ऐकायची तिचं बोलणं. आता मला सारखं 'काय? काय?' विचारावं लागतं." मग उठता उठता म्हणाल्या, "त्यापेक्षा टेकडी बरी."

४

मी मावशींना एक विनंती केली. संध्याकाळी तुम्ही वर येऊ नका, विहिरीपाशी थांबा. मी माथ्यावर पोचलो की रुमाल हलवीन, मग थाळी वाजवायची. जोरात. खालचा आवाज वर किती पोचतो ते मला बघायचंय.

"वेड्यासारखी थाळी बडवत बसू?"

"सरकारी काम आहे म्हणायचं."

"मग आधीच वेड्यासारखं असणार," असं पुटपुटत त्या थाळी घेऊन गेल्या.

माथ्यावरून मी रुमाल हलवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. मावशी उलट्या दिसत होत्या, डोक्यावर उभ्या असल्यासारख्या. त्यांचा हात वरखाली होऊ लागला. आमटीचा डाव हातात होता, थाळी हलत होती, पदर खांद्यावरून घसरत होता. त्या मन लावून बडवत होत्या.

मला पोरांचा कल्ला ऐकू येत होता. राहट ऐकू येत होता. कुणीतरी जिना उतरत होतं, कुणीतरी फुंकणीने चूल फुंकत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

थाळी ऐकू येत नव्हती. अजिबात नाही.

मी डोळा बाजूला घेतला, पुन्हा लावला. मावशी दमून विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. खाली उतरलो तर त्यांनी पोचा आलेली थाळी माझ्यापुढे धरली.

"ही भरून द्या आता. झालं का तुमचं सरकारी काम?"

"झालं," मी म्हणालो.

त्या रात्री मी खिडकी लावून झोपलो. लावायचं काही कारण नव्हतं, खाली तर सगळं चिडीचूप होतं. पण त्या शांततेला आता पूर्वीसारखं शांतता म्हणता येईना. समोरच्या माणसाचे ओठ हलावेत आणि आपल्या कानांना दडे बसलेले असावेत, तशी ती वाटत होती.

५

गावात मला गप्पा मारायला आवडायचं ते एका माणसाशी. शिंपीकाका. गिऱ्हाईक उरलं नव्हतं तरी रोज ओसरीवर मशीन काढून बसायचे, जुने कपडे उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. मशीनचा पट्टा तुटून जोडलेला होता, त्यामुळे चार टाके गेले की एक गचका बसायचा. खडखडखडखड-टक. खडखडखडखड-टक. दुपारी गावात हलणारी तेवढी एकच गोष्ट. मी दुर्बीण लावायचो तीसुद्धा हटकून त्यांच्या दारासमोर.

"पट्टा बदला की, काका."

"बदलला तर मशीन माझं आहे कशावरून कळेल?"

एके दिवशी त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. वडिलांना कायमचं न्यायला. काका सकाळपासून ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. मशीन टेम्पोत चढवायला मीही हात लावला. जडशीळ होतं. दोरीने आवळून बांधलं, वर गोधडी टाकली. काका पुढे बसले.

"शहरात गिऱ्हाईक मिळेल," मी उगाच म्हणालो.

"एकदा येऊन जा," ते म्हणाले. मग माझा हात धरून हळूच, "आज वर गेलात तर... नको. जाऊ दे."

टेम्पो पुलावरून पलीकडे गेला, धूळ खाली बसली.

त्या संध्याकाळी मी माथ्यावर गेलो तो मुद्दाम इतरांपासून लांब बसलो. पोरं, राहट, धोपटणी. मावशींच्या सुनेचा तणतणाटही आता मला ओळखता यायला लागला होता. आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी जवळ असल्यासारखं,

खडखडखडखड-टक.

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी फक्त मान डोलावली, ओळखीचं माणूस घरी पोचल्याचं कळावं तशी. माझ्या तळहातावर मशीन उचलताना लागलेलं ग्रीस अजून होतं.

६

मी दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायला लागलो. हद्दीचे दगड तपासून झाले, घरं झाली, ओढ्याचं वळण तेवढं राहिलं. शेवटचं माप टेकडीवरून घ्यायचं होतं, म्हणून त्या संध्याकाळी दुर्बीण वर नेली. माप घेतलं. उन्हं गेली होती, पण उजेड होता. लगेच खाली उतरायला हवं होतं. मी उतरलो नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. एकट्या माणसाला भरल्या घराचा आवाज सोडवत नाही, एवढंच असेल.

सगळे नेहमीच्या जागी बसले होते. एकाएकी मावशींनी मान वर केली. मग त्यांच्या पलीकडच्या आजोबांनी. एकेक करून सगळ्यांनी माना वळवल्या. गावाकडून माझ्याकडे.

"ही कोण हो?" मावशी म्हणाल्या. "ही आमच्यातली नाही."

मी कान दिला. आधी नुसती बांगड्यांची किणकिण. मग आवाज.

"अहो, दिवा लावू का? की बसायचंय असंच अंधारात?"

तो आवाज मी तीस वर्षं ऐकलाय. 'अहो'तला 'हो' लांबवायची ती सवय, शेवटी येणारं अर्धं हसू. ती या गावात कधीही आली नव्हती. या गावाचं नावसुद्धा तिच्या कानावर पडलेलं नव्हतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण मला माहीत होतं, तोंड उघडलं तर मी ओ देईन.

खालून कुणीतरी खाकरलं.

"लाव," पुरुषाचा आवाज म्हणाला.

माझं तोंड मिटलेलं होतं. मी दातांवर दात दाबून धरले होते.

मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कीव होती, आणि तेच मला सहन होईना. "साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही कामासाठी आला होता ना नुसते?"

मी दुर्बीण शाळेकडे वळवली. चित्र जागेवर राहीना. मग राहिलं. माझी खिडकी, उलटी. तिच्यात कंदील वरून खाली लोंबत असल्यासारखा जळत होता. खोलीला मी सकाळी कुलूप घातलं होतं, किल्ली खिशात होती. कंदिलाच्या बाजूला एक हात आला, बांगड्यांचा, आणि त्याने वात जरा कमी केली. आणि खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, खिडकीकडे पाठ करून. थोडं टक्कल, खांदे किंचित उतरते. तो मीच होतो, असं मी शपथेवर सांगणार नाही. आपली पाठ आपण कुठे पाहिलेली असते?

त्या माणसाने मान वळवायला सुरुवात केली. मी दुर्बिणीचा डोळा हाताने झाकला.

७

खाली गेलो तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. खोलीत अंधार. कंदिलाची काच गार. खुर्ची रिकामी. मी बायकोच्या नावाने हाक मारली. भिंतींनी ती हाक शोषून घेतली. रिकाम्या वर्गात आवाज घुमायला हवा, एवढं मला कळतं. त्या रात्री मी खाटेवर नुसता बसून राहिलो आणि उजाडताच सामान बांधलं.

मावशी पुलापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांचे आभार मानले, पुष्कळ बोललो. त्यांनी कानामागे हात धरला, थोडं पुढे झुकल्या आणि मग हात खाली घेतला. "असू दे," म्हणाल्या. "समजलं."

म्हाताऱ्या झाल्यात, मी मनात म्हणालो.

बसमध्ये कंडक्टरने मला कुठे जायचं ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी पैसे बघून अंदाजाने तिकीट फाडलं. बसचा खडखडाट केवढा असतो. ऑफिसात साहेब माझ्याकडे बघून दचकले. "अहो, काय चोरपावलांनी येता! दार वाजवत चला." मी वाजवलं होतं. नकाशा त्यांना पसंत पडला. लोकवस्तीच्या जागी मी खाली राहणाऱ्यांचाच आकडा लिहिला होता; दुसरा कुठला लिहिणार? ते गाव पुढे पलीकडच्या गावात मिसळलं गेलं, असं कळलं. कागदावर आता ते नाही.

घरी आल्यावर मी मुलीला फोन लावला.

"हॅलो? बाबा? हॅलो... आवाज येत नाहीये. बाबा, ऐकू येत नाही काही."

फोन बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या फोनवरून केला, तोही तसाच. वाणी माझ्याशी खुणांनी बोलत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. घरात मी एकटाच, मला माझं बोलणं नीट ऐकू येत होतं. की आठवत होतं? एकट्या माणसाला यातला फरक कोण सांगणार?

रविवारी मुलगी आली. तिच्याकडे किल्ली होती, दार उघडून आत आली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. तिने सगळ्या खोल्यांतून "बाबा, बाबा" अशा हाका मारल्या आणि मी प्रत्येक हाकेला ओ दिली. शेवटी मला बघून तिने छातीवर हात ठेवला.

"केवढ्या हाका मारल्या! आहात तर ओ द्यायची ना."

ती समोर खुर्चीत बसली. मी चहा ओतला आणि ठरवलं, हिला सगळं सांगून टाकायचं. हिचा विश्वास बसो न बसो. मी पहिल्यापासून सुरुवात केली. टेकडी सांगितली, पहिल्या दिवशी फोनवर तिनेच ऐकलेली पोरं सांगितली, मावशींची थाळी, शिंपीकाकांचं मशीन. आईचा आवाज सांगितला. तुझी आई तिथे आहे, म्हणालो. दिवा लावू का, विचारत होती. मी तिला उत्तर दिलं की नाही, तेवढंच मला कळत नाही.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. चहावर साय धरली होती. तिचे डोळे हळूहळू भरून आले, तिने टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "कधीची बसलेय मी तुमच्यासमोर. काहीतरी बोला ना."